कॅसिनो क्रेडिट वटवायचं कसं आणि कधी : मुंबई-गोवा क्रूझ, चार दिवस

निघण्याआधी

व्हाउचरवर ‘कॅसिनो क्रेडिट रु. १०,०००’ असं छापलेलं दिसलं की ते दहा हजार रुपये रोख आहेत, असंच बहुतेकजण धरून चालतात. त्यातून प्रत्यक्ष हातात शून्यापासून दहा हजारांपर्यंत काहीही पडू शकतं. किती पडणार हे क्रेडिट कुठल्या जातीचं आहे त्यावर ठरतं आणि जात बुकिंगच्या वेळीच ठरलेली असते. जहाजावर चढल्यावर काउंटरवरच्या पोराशी हुज्जत घालून ती बदलत नाही.

जाती चार. स्वतः आगाऊ भरलेली अनामत ही सगळ्यात सरळ. ती जहाजावरच्या तुमच्या खात्यात जमा असते, खर्च वजा होत जातो आणि उरलेली परत मिळते. तिच्यासाठी कॅसिनोची पायरी चढायचं कारणच नाही. दुसरं, कंपनीनं किंवा एजंटानं भेट दिलेलं ऑनबोर्ड क्रेडिट. हे खाणंपिणं, वायफाय, स्पा, किनाऱ्यावरची सहल यांवर चालतं आणि सफर संपली की उरलेलं बुडतं. तिसरं, कॅसिनोच्या केजकडे आधीच भरून ठेवलेली रक्कम. केज म्हणजे चिप्स, अर्थात खेळताना पैशांऐवजी वापरायच्या टिकल्या, मिळण्याची आणि वटवण्याची खिडकी. हे पैसे तुमचेच, पण चिप्समध्ये बदलले की त्यांना कर लागतो. चौथं म्हणजे पॅकेजात घातलेल्या ‘वन टाइम प्ले’ चिप्स किंवा स्लॉटवरचं, म्हणजे बटण दाबून खेळायच्या यंत्रावरचं, फुकटचं क्रेडिट. हे कधीच वटत नाही. त्यातून जिंकलेलं तेवढं वटतं.

तेव्हा निघण्याआधी कंपनीला ई-मेल टाका आणि उत्तर लेखी घ्या. क्रेडिट न खेळता वटवता येतं का, नसेल तर किती रकमेचे डाव लावावे लागतात, चिप्सवरचा जीएसटी वेगळा लागतो की दरातच धरलाय, आणि क्रेडिट केबिनमधल्या कुणाच्या नावावर पडेल. शेवटचा प्रश्न फालतू वाटतो, पण घोळ बहुतेक तिथेच होतो. बुकिंग बायकोच्या नावाचं आणि खेळणार नवरा, असं असलं तर केजवर पैसे मिळतात ते ज्याच्या नावावर क्रेडिट आहे त्याच्याच सहीनं आणि त्याच्याच कार्डावर.

परदेशी क्रूझ केलेल्या लोकांकडून एक युक्ती हमखास ऐकायला मिळते : भेट मिळालेलं ऑनबोर्ड क्रेडिट केबिन-कार्डानं स्लॉट मशीनमध्ये उतरवायचं, एखाददुसरा डाव खेळायचा, ‘कॅश आउट’ दाबायचं आणि चिठ्ठी केजवर देऊन नोटा घ्यायच्या. युक्ती खरी आहे. तिकडे अनेक कंपन्या त्यावर साधारण ३ ते ५ टक्के शुल्क लावतात, काहींनी भेटीचं क्रेडिट कॅसिनोत चालणंच बंद केलंय. आपल्याकडे मात्र तीच युक्ती फार महाग पडते. का, ते दुसऱ्या दिवसात येईल.

दिवस पहिला : मुंबई

बंदरातले सोपस्कार विमानतळासारखेच. सामान जमा, ओळखपत्र, फोटो, केबिन-कार्ड. ओळखपत्राबरोबर पॅन कार्डाची प्रत असू द्या, कॅसिनोत मोठी रक्कम जिंकली तर करकपातीसाठी लागते. कार्ड हातात पडलं की तिथेच दोन गोष्टी करून घ्या. खात्यातली शिल्लक विचारा आणि भेटीचं क्रेडिट व स्वतःची अनामत वेगवेगळी दिसतेय का ते पाहा. दोन्ही एकाच आकड्यात मिसळलेली असतील तर शेवटच्या दिवशी ‘यातलं परत किती?’ यावरून वाद ठरलेला. साधारणपणे खर्च आधी भेटीच्या क्रेडिटातून वजा होतो, मग तुमच्या पैशांतून. तसंच होतंय ना, हे विचारून घ्या.

अनामत डेबिट कार्डानं भरू नका. क्रेडिट कार्डावर कंपनी रक्कम फक्त अडवून ठेवते. डेबिट कार्डावर तेच पैसे खात्यातून अडतात आणि सुटायला सफरीनंतर कित्येक दिवस लागू शकतात. मधल्या काळात गोव्यातल्या एटीएमवर ‘अपुरी शिल्लक’ येते, ती याचीच.

आता मोबाइल. जहाज गोदीतून निघालं की उजव्या हाताला कुलाब्याच्या टोकाचं प्राँग्ज दीपगृह मागे पडतं, डावीकडे खांदेरीवरचं कान्होजी आंग्रे दीपगृह येतं. अलिबागसमोरून पुढे सरकेपर्यंत रेंज असते, मग एकेक काडी करत जाते. रेंज गेली की यूपीआय गेलं. जहाजाचं वायफाय विकत घेतलं तरी बँकेचा पासवर्ड एसएमएसनं येतो, तो वायफायवर येईलच असं नाही. त्यामुळे खात्यात भर घालायची असेल, कार्डाची मर्यादा वाढवायची असेल, तर ते बंदरातच उरका.

कॅसिनोचं दार या वेळी बंद असतं. महाराष्ट्रात जुगार कायद्यानं बंद आहे. राज्यानं १९७६ साली कॅसिनोंसाठी एक कायदा केला होता, तो कधी अमलात आलाच नाही आणि २०२३ मध्ये रद्दही झाला. म्हणून जहाज १२ सागरी मैलांची प्रादेशिक हद्द ओलांडेपर्यंत, म्हणजे किनाऱ्यापासून २२ किलोमीटर बाहेर जाईपर्यंत, टेबलं झाकलेली असतात. गंमत अशी की यूपीआय मरायची वेळ आणि कॅसिनो उघडायची वेळ जवळजवळ एकच. खिशात रोख नसलेला माणूस मग केबिन-कार्डावर चिप्स उचलतो. क्रेडिट कार्डाला जोडलेल्या खात्यावर असे पैसे उचलले आणि बँकेनं ते रोख उचल म्हणून धरले, तर साधारण अडीच टक्के शुल्क आणि पहिल्या दिवसापासून व्याज. बिल आल्यावर कळतं.

पहिल्या रात्री केजसमोर रांग असते. वटवण्याचं काम असेल तर या रात्री जाऊच नका. फार तर स्लॉटच्या यंत्रात कार्ड घालून क्रेडिट दिसतंय का एवढं बघा, आणि पिन बदलून घ्या. सुरुवातीचा पिन पुष्कळदा जन्मतारखेवरून दिलेला असतो आणि केबिनमधल्या सगळ्यांना तो माहीत असतो.

दिवस दुसरा : समुद्रात

मुंबई ते मुरगाव अंतर सव्वादोनशे-अडीचशे सागरी मैलांच्या आसपास. सरळ गेलं तर एका रात्रीत होतं. तरी चार दिवसांच्या सफरीत अख्खा एक दिवस समुद्रात संथ काढतात. प्रवाशांना डेक आणि पोहण्याचा तलाव मिळतो, आणि कॅसिनोला दिवसभर उघडं राहता येतं. हर्णै, जयगड, साखरी नाटे अशा बंदरांच्या मच्छीमार बोटी लांबवर दिसतात, किनारा दिसत नाही. कामाचा दिवस हाच.

आधी कराचं. ‘बारा मैलांच्या बाहेर टॅक्स नाही’ हे जहाजावर हमखास कानावर पडणारं वाक्य चूक आहे. बारा मैलांची रेघ जुगाराच्या कायद्यासाठी. जीएसटी कायद्यातला ‘भारत’ मात्र २०० सागरी मैलांच्या अनन्य आर्थिक क्षेत्रापर्यंत पसरलेला आहे, आणि कोकणाला समांतर जाणारं जहाज पूर्ण वेळ त्याच्या आतच असतं. कॅसिनोवर १ ऑक्टोबर २०२३ पासून चिप्सच्या पूर्ण खरेदी किमतीवर २८ टक्के कर होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झालाय. आणि नियमातली मेख अशी, की चिप्स न खेळता परत केल्या तरी त्यावर लागलेला कर वजा होत नाही. जिंकलेल्या चिप्स पुन्हा लावल्या तर त्यावर नव्यानं कर नाही, एवढीच सवलत.

याचा हिशेब असा. कर आतच धरला असेल तर १०,००० रुपयांच्या क्रेडिटातून चिप्स मिळतात ७,१४३ रुपयांच्या, २,८५७ कराचे. त्या चिप्स तशाच खिडकीवर ठेवल्या तरी हातात ७,१४३ येणार. काही ठिकाणी कॅसिनो कर स्वतः सोसतं आणि पॅकेजच्या दरात वसूल करतं, तिथे पूर्ण दहा हजारांच्या चिप्स मिळतात. म्हणूनच तो प्रश्न ई-मेलवर विचारायचा.

यामुळे भेटीच्या क्रेडिटाबाबत आमचं मत स्पष्ट आहे : कॅसिनोत नेऊ नका. त्यातून रोख काढायचा बिनखर्चाचा मार्ग बरोबरच्या माणसांच्या खिशातून जातो. मेव्हण्याचं रात्रीचं जेवण, काकूंचा स्पा, शेजारच्या केबिनचं वायफाय, जे त्यांना आपल्या पैशांनी भरायचंच होतं, ते तुमच्या कार्डावर टाका आणि तेवढे पैसे त्यांच्याकडून रोख घ्या. दहा हजारांचे दहा हजार मिळतात, शुल्क नाही, कर वेगळा नाही. फक्त बिल फाडण्याआधी कार्ड द्यायचं. एकदा त्यांच्या खात्यावर पडलेलं बिल तुमच्यावर वळवायला रिसेप्शन सहसा तयार होत नाही. आणि गटात हिशेब वहीत लिहा. नातेवाइकांत हजार-पाचशेवरून रुसवे व्हायला गोवा लागत नाही.

क्रेडिट फक्त कॅसिनोतच चालणारं असेल तर मात्र केजशिवाय इलाज नाही. स्लॉटवरून काढायचं असेल तर क्रम असा. यंत्रात कार्ड घाला, पिन द्या, पडद्यावर ‘कॅशेबल’ (वटणारं) आणि ‘प्रमोशनल’ (न वटणारं) असे दोन आकडे वेगळे दिसतात ते पाहा. कॅशेबलमधूनच रक्कम उतरवा, हवी तेवढीच. नियमानुसार डाव लावायचा असेल तर तेवढा लावा आणि ‘कॅश आउट’ दाबा. यंत्र चिठ्ठी छापतं. तिच्यावर रक्कम, तारीख-वेळ, यंत्राचा क्रमांक, बारकोड आणि मुदत असते. चिठ्ठीवर नाव नसतं. ज्याच्या हातात चिठ्ठी त्याचे पैसे, म्हणून ती ट्रेमध्ये सोडून उठू नका. घडी बारकोडवर पडू देऊ नका, ओल्या ग्लासाखाली ठेवू नका; कागद उष्णतेनं छापला जाणारा असतो, पुसट झाला की स्कॅनर वाचत नाही आणि मग यंत्राच्या नोंदीवरून खातरजमा होईपर्यंत तिष्ठत बसावं लागतं. चिठ्ठी निम्मी येऊन अडकली तर ओढू नका. यंत्रावरचा मदतीचा दिवा लावा आणि तिथेच थांबा.

कधी कधी प्रमोशनल क्रेडिट आधीच यंत्रात उतरलेलं असतं आणि कॅश आउट दाबल्यावर शून्य येतं. यंत्र बिघडलेलं नसतं. न वटणारं क्रेडिट बहुतेक यंत्रांत आधी खेळलं जातं. ते संपेपर्यंत थांबा किंवा कार्ड काढून दुसऱ्या यंत्रावर फक्त कॅशेबल रक्कम उतरवा.

‘एकदा तरी फिरवा’ अशी अट असेल, म्हणजे दहा हजार वटवायला दहा हजारांचे डाव लावायचे असतील, तर ते स्लॉटवर लावण्यात शहाणपण नाही. स्लॉट तुमच्याकडून सरासरी किती ठेवून घेतो हे यंत्रावर लिहिलेलं नसतं. टेबलांचं गणित उघड आहे. बॅकरा या पत्त्यांच्या खेळात दोन बाजू असतात, त्यातल्या ‘प्लेअर’वर सरासरी तोटा १.२४ टक्के, म्हणजे दहा हजारांच्या डावांमागे १२४ रुपये. ‘बँकर’वर १.०६ टक्के, पण जिंकल्यावर ५ टक्के कमिशन कापतात आणि सुट्ट्या चिप्सचा घोळ होतो. ‘टाय’ला, म्हणजे बरोबरीच्या डावाला, हात लावू नका, तिथे १४ टक्क्यांहून जास्त जातात. रूले म्हणजे आकड्यांच्या फिरत्या चाकाचा खेळ; एका शून्याच्या चाकावर लाल-काळ्यावर २.७० टक्के, दोन शून्यांच्या चाकावर ५.२६. चाक बघूनच बसा, पाट्यांवर दोन्हींचं नाव रूलेच असतं. पाचशेचे वीस डाव हा बरा मार्ग. दहा हजार एकदम लावले तर सरासरी तोटा तेवढाच, पण निम्म्याहून थोड्या जास्त वेळा सगळेच जातात.

वन टाइम प्ले चिप्सचं गणित निराळं, आणि इथे लोक सर्रास चुकतात. ही चिप जिंको वा हरो, डीलर उचलून नेतो; जिंकलात तर जिंकलेल्या रकमेच्या खऱ्या चिप्स मिळतात. म्हणजे एका शून्याच्या चाकावर २,००० लाल रंगावर लावले तर ३७ पैकी १८ वेळा २,००० मिळणार. या चिप्सची खरी किंमत झाली ९७३ रुपये, निम्म्याहूनही कमी. बारा आकड्यांच्या ‘डझन’वर दुप्पट मिळतं, तिथे रुपयामागे ६५ पैसे पडतात. एकाच आकड्यावर ३५ पट, तिथे जवळजवळ ९५ पैसे. पण पाचशेच्या चार चिप्स चार आकड्यांवर ठेवल्या तर दहापैकी नऊ वेळा रिकाम्या हातानं उठायची तयारी हवी. कुणालाही सुचेल की तिन्ही डझनांवर पाचशेची एकेक चिप ठेवावी, ३७ पैकी ३६ वेळा हजार रुपये पक्के. कॅसिनोलाही ते सुचलेलं असतं. म्हणून या चिप्स फक्त लाल-काळं, सम-विषम अशा सरळ डावांवर चालतील आणि विरुद्ध बाजूंना लावता येणार नाहीत, असे नियम केलेले असतात. नवरा लालवर, बायको काळ्यावर, हेही टेबलामागे उभ्या सुपरवायझरच्या नजरेतून सुटत नाही; डाव बाद होतो आणि उरलेलं क्रेडिट गोठवतात.

आता खिडकी. चिप्स ओंजळीत घेऊन ओतू नका, रंगानुसार लावून द्या. कॅशियर त्या कॅमेऱ्याखाली पसरतो, पाच-पाचच्या गड्ड्या करतो, शेवटची गड्डी आडवी मांडून आकडा मोठ्यानं म्हणतो. तो आकडा तुमच्या मनातल्या आकड्याशी जुळला तरच मान हलवा. चिप्स खणात गेल्यावर बोलून उपयोग नाही. नोटाही तशाच पसरून मोजतात. निम्म्या रकमेच्या शंभर-दोनशेच्या नोटा मागा, टॅक्सीवाल्याकडे पाचशेचे सुट्टे नसतात.

क्रेडिट उतरवल्याची पावती जपून ठेवा. १०,००० रुपयांवर जिंकलेल्या रकमेतून ३० टक्के प्राप्तिकर जागेवर कापला जातो आणि हरलेले पैसे त्यातून वजा होत नाहीत. तुम्ही परत घेताय ती जिंकलेली रक्कम नसून स्वतःचंच भरलेलं क्रेडिट आहे, हे दाखवायला तीच पावती लागते. मोठ्या रकमांना आणखी एक आडकाठी : एका दिवसात एका माणसाकडून २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं प्राप्तिकर कायद्यात बसत नाही, त्यामुळे एवढ्या रकमा केज बँकेतूनच देतं.

गोव्यासाठी लागणारी रोख याच रात्री काढून ठेवायची. सकाळी खिडकी बंद असणार.

दिवस तिसरा : मुरगाव

जहाज बंदरात लागलं की कॅसिनो आणि केज दोन्ही बंद. रिसेप्शनवर सुटे मिळाले तर मिळाले. पण खरं सांगायचं तर गोव्यात रोखीचं एवढं अडत नाही. रेंज परत आलेली असते, वास्कोच्या बाजारात मासळीवालीकडेसुद्धा क्यूआर कोड टांगलेला दिसतो. टॅक्सीसाठी, टिपसाठी दोन-तीन हजार पुरे. दुसऱ्या बँकेच्या एटीएममधून महानगरांबाहेर महिन्याला ५ व्यवहार फुकट, त्यापुढे २३ रुपये अधिक कर. चाळीस टक्के कर सोसून खिडकीवरून नोटा घेण्यापेक्षा वास्कोत एटीएमपर्यंत चालत जाणं केव्हाही परवडलं.

टॅक्सीचा दर बसण्याआधी ठरवा आणि परतीचा धरून ठरवा. पणजी तिथून तीसेक किलोमीटर. परत जहाजावर चढायच्या वेळेआधी दोन तास हातात ठेवा.

पणजीत मांडवीत उभ्या असलेल्या कॅसिनो बोटी बघून अनेकांना वाटतं की जहाजावरच्या उरलेल्या चिप्स इथे चालतील. चालत नाहीत. प्रत्येक कॅसिनोच्या चिप्स त्याच्याच खिडकीवर वटतात. गोव्याचा कारभार वेगळ्या कायद्यावर चालतो. १९७६ च्या जुगार कायद्यात पुढे दुरुस्त्या करून पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांचा आणि समुद्रातल्या बोटींवर टेबलांचाही खेळ परवान्यानं खुला केला. २१ वर्षांखालच्यांना प्रवेश नाही. तिथली प्रवेशाची पॅकेजंही जेवण, पेय आणि न वटणारी कूपनं अशीच असतात, तेव्हा वरचं वन टाइम प्लेचं गणित तिथेही जसंच्या तसं लागू.

संध्याकाळी आग्वादचा दिवा मागे पडला की जहाज पुन्हा बाहेर जातं, कॅसिनो उघडतं. ही शेवटची रात्र. केज किती वाजता बंद होणार हे जेवणाआधीच विचारा, कारण उत्तरेला जाताना मुंबईच्या बारा मैलांत शिरण्याआधीच सगळं आवरतात आणि समुद्राच्या तब्येतीप्रमाणे ती वेळ पुढेमागे होते. शेवटच्या अर्ध्या तासात रांगेत सगळं जहाज असतं. खिशातली प्रत्येक चिप, प्रत्येक चिठ्ठी त्याआधी वटलेली हवी. कोट, पर्स, पोरांच्या बॅगा चाचपून बघा.

दिवस चौथा : मुंबई

पहाटे दारातून किंवा टीव्हीच्या पडद्यावर खात्याचा उतारा येतो. त्यात कॅसिनोच्या नोंदी वेगळ्या नावानं असतात. रोज रात्रीची उचल आणि पावत्या जुळवून पाहा. भेटीचं क्रेडिट उरलेलं दिसलं तर नाश्त्याआधी दुकान उघडं असल्यास काहीतरी घेऊन टाका, खात्याला कुलूप लागलं की गेलं.

अनामतीतलं उरलेलं कसं मिळणार ते विचारा. रोखीनं भरलेलं बहुतेक वेळा रोखीनं मिळतं, कार्डानं भरलेलं त्याच कार्डावर, सात-दहा दिवसांत. मधे कार्ड बदललं किंवा बंद झालं असेल तर ते आत्ताच लिहून द्या. उताऱ्याची प्रत ई-मेलवर पाठवायला सांगा आणि ती पोहोचली हे गोदीतून बाहेर पडायच्या आत मोबाइलवर बघा; रेंज आता आहे, आणि ज्यांच्याशी बोलायचं ती माणसंही अजून काउंटरमागेच आहेत.